उजव्या कप्प्यातला नमुना

विषय : उजव्या कप्प्यातील जिवंत नमुन्याचे निवेदन.

संदर्भ : टोमॅटोच्या चोथ्याचे कोंबड्यांसाठी खाद्य करण्याची परवानगी मिळावी, असा मालकीणबाईंचा अर्ज, आणि त्यावर आजवर न आलेले उत्तर.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी एक कोंबडा बोलतोय. रंग पांढरा, वजन गरजेपेक्षा जास्त, डाव्या पायात निळी कडी. कोंबडा बोलतोय म्हटल्यावर तुम्हाला शंका येईल. येऊ द्या. शंका घेणाऱ्यांबद्दल मला आदरच वाटतो. लोक म्हणतात, कोंबडा दाण्यावर जगतो. मी आजवर जगलो तो शंकेवर. दाणेही खाल्ले, पण शंका घेऊन झाल्यावर.

माझा जन्म यंत्रात झाला. अंड्यातून डोकं बाहेर काढलं तेव्हा समोर आई नव्हती, एक ट्रे होता. ट्रेमधून खोक्यात, खोक्यातून टेम्पोत आणि टेम्पोतून शेडमध्ये अशी माझी नेमणूक झाली. शेडमध्ये आमच्या डोक्यावर एक बल्ब टांगलेला होता. तो ऊबदार होता म्हणून आम्ही सगळे त्याच्याखाली गोळा झालो. थोडक्यात, आमची आई एक बल्ब होती. आईच्या जागी बल्ब लावणारी माणसं पुढे आणखी काय काय करतील, हा विचार माझ्या मनात तिथेच आला. बाकीच्यांच्या मनात आला नाही. ते झोपले.

थोड्याच दिवसांत एका हाताने मला अलगद उचललं. "ये रे माझ्या सोन्या," असा आवाज आला आणि डोळ्यात थेंब पडला. लस होती म्हणे. लशीबद्दल माझी तक्रार नाही. पण गोड बोलणं आणि डोळ्यात काहीतरी टाकणं ही दोन्ही कामं माणसं एकाच वेळी करतात, ही नोंद मी तेव्हाच घेतली. ती पुढे कधी दुरुस्त करावी लागली नाही.

तो हात मालकीणबाईंचा होता. शेड त्यांची. मालक कारखान्याचा ट्रक घेऊन दूरदूर जात आणि घरी पाहुण्यासारखे येत, त्यामुळे आमचा सगळा कारभार बाईच बघत. शेड म्हणजे एक लांबलचक पत्र्याची खोली. दोन्ही बाजूंना जाळी, जाळीवर पोत्यांचे पडदे, खाली भाताचं तूस पसरलेलं. एका टोकाला बाईंच्या स्वयंपाकघराचं दार आणि दुसऱ्या टोकाला भिंत. भिंतीपलीकडे सॉसचा कारखाना. तिथून दिवसभर टोमॅटो शिजल्याचा वास यायचा. तो वास मला आवडायचा, म्हणून मी त्याच्यापासून सावध राहायचो.

त्या कारखान्याचे मॅनेजर अधूनमधून शेडच्या दारात येऊन उभे राहत. आमच्याकडे बघत नसत. छताकडे बघत, भिंतींकडे बघत. जो माणूस कोंबड्यांच्या शेडमध्ये येऊन कोंबड्यांकडे बघत नाही, त्याच्या मनात काय असेल? मी कान टवकारले. कोंबड्याचे कान दिसत नाहीत, हा आमचा मोठाच फायदा आहे.

"बाई, ही शेड आम्हाला द्या," मॅनेजर म्हणाले. "बाटल्यांचं गोडाऊन करतो. कोंबड्यांत तुम्हाला उरतं तरी काय?"

"खाद्याचा खर्च सोडला तर सगळं उरतं."

"आणि खर्च धरला तर?"

"तर तुम्ही येता," बाई म्हणाल्या.

मॅनेजर हसले. बाई हसल्या नाहीत. त्या जाळीतून भिंतीच्या पलीकडे बघत होत्या. तिथे कारखान्याच्या मागच्या फाटकाशी लाल ढीग पडलेला असायचा. सॉससाठी रस काढून घेतल्यावर राहिलेल्या टोमॅटोच्या साली आणि बिया. चोथा.

"त्याचं काय करता हो तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"काय करणार? टाकून देतो. टाकायलाही गाडी लागते. तुम्हाला हवा तर न्या, फुकट."

फुकट! हा शब्द ऐकला आणि माझी पिसं उभी राहिली. जे घ्यायला पैसे लागत नाहीत ते देणाऱ्याचं काहीतरी घेणं असतंच. ते लगेच बाहेरही आलं. मॅनेजर निघता निघता म्हणाले, "करून बघा काय करायचं ते. हा टोमॅटोचा हंगाम संपेपर्यंत थांबतो मी. नाही जमलं तर शेड आमची. आणि उन्हात फार राबू नका." शेवटचं वाक्य काळजीने म्हटलं की कसं, ते मला ठरवता आलं नाही. म्हणून वाईट अर्थच धरून ठेवला.

मग डॉक्टर आले. हे गुरांकोंबड्यांचे डॉक्टर. तरुण, सडपातळ, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "तत्त्वतः" या शब्दाने करणारे. त्यांनी सांगितलं की तत्त्वतः चोथा वाईट नाही. ओला ठेवला तर लगेच बुरशी धरतो, म्हणून आणल्या आणल्या वाळवायचा, दळायचा आणि नेहमीच्या खाद्यात बेताने मिसळायचा. टोमॅटोच्या सालीत जो लाल रंग असतो, तो कोंबडीच्या मांसातली चरबी लवकर खवट होऊ देत नाही. मांस जास्त टिकतं. "तत्त्वतः बाई, हे मांस आरोग्याला चांगलं."

आरोग्य हा शब्द ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. कोणीतरी आपल्या प्रकृतीचा विचार करतंय! मग लक्षात आलं की आरोग्य खाणाऱ्याचं. माझ्याकडे फक्त मांसाची बाजू होती.

पण परवानगीशिवाय काही करता येत नव्हतं. चांगलं मांस मागणारा एक दुकानदार तयार होता, पण तोही म्हणे सरकारी कार्यालयाचा कागद आणा, मग बोलू. आणि कार्यालय म्हणे, प्रयोग करून दाखवा. म्हणून शेडच्या मधोमध जाळी ठोकून दोन कप्पे झाले. डाव्या कप्प्यातल्यांच्या पायात लाल कड्या, त्यांना चोथा मिसळलेलं खाद्य. उजव्या कप्प्यातल्यांच्या पायात निळ्या कड्या, त्यांना नेहमीचं. दोन्हीकडच्या मांसात फरक दिसला की अर्ज मंजूर. मी उजवीकडे आलो. कोणत्या निकषावर, हे मला कळवण्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी डावीकडच्या खाद्याला लालसर रंग बघून मी मनाशी म्हणालो, विष आहे. आपण वाचलो. डावीकडचे दोनचार दिवसांत आडवे होतील, अशी मी वाट बघू लागलो. ते आडवे झाले नाहीत, उलट गुबगुबीत झाले. मग मी म्हणालो, त्यांना आधी न्यायचं असणार, म्हणून खाऊ घालताहेत. नंतर डॉक्टरांच्या बोलण्यावरून कळलं की न्यायचं सगळ्यांनाच आहे, आम्हाला फक्त कोरड्या तोंडाने. तेव्हा मात्र माझ्या संशयाला भूक लागली. भूक लागलेल्या संशयाला लोक मत्सर म्हणतात.

जाळीला लागून डावीकडची एक कोंबडी नेहमी उभी असायची. तिला मी लालकडी म्हणतो. ती काहीही खायची. खाद्य खायची, तूस खायची, एकदा बाईंच्या चपलेचा पट्टा खाताना सापडली होती.

"काय आहे त्यात?" मी तिला विचारलं.

"छान आहे."

"छान म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे संपलं," ती म्हणाली.

अशा साक्षीदाराकडून काय माहिती मिळणार?

आता सासूबाईंबद्दल. या बाईंच्या सासूबाई. दुपारी बाई हातगाडी घेऊन चोथा आणायला कारखान्याच्या फाटकावर जात, तेव्हा शेड राखायला सासूबाई दारात खुर्ची टाकून बसत. मांडीवर शेंगांचं ताट, हातात कावळे हाकलायची काठी. त्यांना हा प्रयोग मुळीच पसंत नव्हता, आणि नापसंती मनात ठेवण्याची त्यांना सवय नव्हती.

"अगं, कारखान्याचा उकिरडा उचलून आणतेस आणि वर त्याला प्रयोग म्हणतेस?"

"आई, उकिरडा नाही तो. आपण सॉस खातो ना, त्याच टोमॅटोच्या साली आहेत."

"मी सॉस खात नाही."

"म्हणून तर तुमच्यापुढे माझं काही चालत नाही," बाई म्हणायच्या आणि हातगाडी ढकलत निघायच्या. "दोन कप्पे कशाला गं केलेस?" असं सासूबाईंनी मागून ओरडून विचारलं, तर उत्तर यायचं, "तुम्हाला नाही कळायचं, आई. फक्त कावळे बघा."

सासूबाई काही वेळ कावळे बघत. मग मला बघत. मी खाद्याचा प्रत्येक दाणा आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्या डोळ्याने तपासून मगच उचलतो, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी माझं नाव फौजदार ठेवलं. "काय फौजदार, आज कोणाला आत टाकताय?" असं रोज विचारायच्या. मी उत्तर देत नसे. तपास चालू असताना बोलू नये.

आणि एका दुपारी तपासाला खरंच विषय मिळाला. बाई फाटकाकडे वळल्या आणि सासूबाई उठल्या. इकडेतिकडे बघितलं. एक घमेलं घेतलं, आधी डाव्या कप्प्यात शिरल्या. भांड्यांतलं लालसर खाद्य घमेल्यात भरलं, आमच्या कप्प्यात आणून ओतलं. आमचं साधं खाद्य उचललं आणि तिकडे नेऊन ओतलं. निम्मं इकडचं तिकडे, निम्मं तिकडचं इकडे, अगदी मापून. मग दोन्ही भांडी हाताने हलवून सारखी केली.

"खा," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात पंक्तिप्रपंच चालत नाही. एका पंगतीत बसवायचं आणि याला एक वाढायचं, त्याला एक? शोभतं का?"

माझे भाऊबंद तुटून पडले. मी मागे उभा राहिलो. कोणाला काही होतं का, ते बघून मग खावं, असा माझा हिशोब होता. कोणालाच काही झालं नाही, पण तोपर्यंत भांड्यात नुसती भुकटी राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी तपास थोडक्यात आटोपला. चव चांगली होती. किंचित आंबट, किंचित गोड. सालीचा तुकडा दाताखाली, म्हणजे चोचीखाली, मजेदार लागायचा. मला फार आवडलं, आणि त्यामुळे माझा संशय पक्का झाला.

संशय असा, की सासू सुनेचा प्रयोग मोडते आहे. पुरावा भक्कम होता. एक तर हे काम बाई नसतानाच चालायचं. काम झालं की घमेलं पालथं घालून जागेवर. बाई परत येईपर्यंत दोन्हीकडची भांडी रिकामी आणि सासूबाई खुर्चीत शेंगा सोलताहेत, गाणं गुणगुणताहेत. सुनेचं नुकसान करून गाणं! मी ठरवलं की या घरात कोणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि पोटभर खाल्लं.

वजनाचा दिवस आला. आम्हाला पाय धरून काट्याला उलटं टांगलं. काट्यावरचा आकडा वाढला की डॉक्टरांचा चेहरा फुलायचा. माझा आकडा ऐकून ते "वा!" म्हणाले. उलटं टांगलेल्या अवस्थेत कौतुक ऐकून घ्यायचा प्रसंग तुमच्यावर आलाय का कधी? फार विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

दोन्हीकडून काही जण मांसाचे नमुने म्हणून गेले. डॉक्टरांनी ते मांस पिशव्यांत घालून थंड पेटीत ठेवलं, रोज तपासलं, एक वाटा कार्यालयात पाठवला. निकाल आला तेव्हा ते शेडच्या दारात आले आणि बोलायचं सोडून चष्मा पुसत राहिले.

"काय झालं, डॉक्टर?" बाईंनी विचारलं.

"तत्त्वतः फरक दिसायला हवा होता."

"आणि?"

"दोन्हीकडचं मांस अगदी सारखं आहे. चांगलं आहे, नेहमीपेक्षा जास्त टिकलं. पण दोन्हीकडचं."

बाई तिथेच खाद्याच्या पोत्यावर बसल्या. एवढं ऊन अंगावर घेऊन त्यांनी चोथा वाळवला होता, उलथापालथा केला होता, माशा हाकलल्या होत्या. त्या नुसता पोत्याच्या शिवणीचा धागा ओढत राहिल्या. भिंतीपलीकडे कारखान्याचा भोंगा झाला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या शेंगा सोलत होत्या. पण सालं ताटात पडत होती आणि दाणे खाली.

मग कार्यालयातून निरीक्षक आले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, नाकावर रुमाल. खुर्ची आधी स्वतःच्या हाताने झटकली, मग बसले. मला माणूस पटला. हा आपल्यातला वाटला.

"बाई," ते म्हणाले, "दोन्ही पिशव्यांत एकाच कप्प्याचं मांस भरलंत ना?"

"नाही साहेब."

"मग सारखं कसं आलं? एका कप्प्याला चोथा, दुसऱ्याला नेहमीचं खाद्य. आणि मांस मात्र दोन्हीकडचं सुधारलं. म्हणजे एक तर नेहमीचं खाद्य आपोआप सुधारलं, नाहीतर तुम्ही खोटं बोलताय. आता माझ्या एवढ्या नोकरीत कुठलीच गोष्ट आपोआप सुधारलेली मी बघितली नाही."

"साहेब, मी स्वतः दोन्हीकडचे पक्षी वेगळे मोजून दिलेत. डॉक्टर होते."

"तत्त्वतः मी होतो," डॉक्टर म्हणाले.

"ते असू दे. मी अर्ज निकाली काढतो. 'खोटी माहिती सादर केली' असा शेरा मारावा लागेल. मग पुन्हा अर्जही करता यायचा नाही."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. शेड जाणार, हे तर झालंच; पण जाताना खोटारडेपणाचा शिक्का बसून जाणार होती. मी म्हटलं, झालं. सासूबाई जिंकल्या.

"कोण खोटं बोलतंय?" दारातून आवाज आला.

"आई, तुम्ही आत जा."

"मी कुठेही जाणार नाही. काय हो साहेब, माझ्या सुनेला खोटारडी म्हणालात का तुम्ही?"

"आजी, हे सरकारी काम आहे."

"असेल. तिला मी उठता बसता नावं ठेवते. तो माझा हक्क आहे, तुमचा नाही. आणि खोटं बोलायला अक्कल लागते. हिला थाप मारता येत नाही. भाजीत मीठ विसरली तर आम्ही घास घ्यायच्या आत स्वतःच सांगते."

"मग दोन्हीकडचं सारखं कसं आलं, ते सांगा तुम्ही."

"सारखं येणारच," सासूबाई म्हणाल्या. "मी सारखं वाढत होते."

लालकडी तेवढी तुसात नखांनी खरवडत होती.

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे रोज दुपारी. तू फाटकावर गेलीस की निम्मं इकडचं तिकडे, निम्मं तिकडचं इकडे. बघवेना मला. जाळीच्या या बाजूला हे नुसते टकमक बघत बसायचे. म्हातारपणी पंक्तिप्रपंचाचं पाप घेऊ का डोक्यावर?"

"अहो आई! फरक दिसावा म्हणूनच तर दोन कप्पे केले होते!"

"हे मला कोणी सांगितलं? मी विचारलं की तू म्हणायचीस, तुम्हाला नाही कळायचं. मग मला जेवढं कळलं तेवढं मी केलं."

डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. आणि माझी, सांगायला संकोच वाटतो, फारच अडचण झाली. इतक्या मेहनतीने जमवलेला भक्कम पुरावा, आणि आरोपीच्या मनात काळंबेरं काहीच निघालं नाही. असं झालं की तपास अधिकाऱ्याला कसं वाटतं, ते तपास अधिकाऱ्यालाच ठाऊक.

निरीक्षक मात्र हलले नाहीत. "घरचीच साक्ष. सुनेला वाचवायला सासू बोलणारच."

"कधी ऐकलंयत असं?" सासूबाईंनी विचारलं.

निरीक्षकांनी थोडा विचार केला. "नाही," त्यांनी मान्य केलं. "पण पुरावा हवा."

"पुरावा काय, देते की. वेळ झालीच आहे." सासूबाईंनी कोपऱ्यातलं रिकामं घमेलं उचललं आणि उजव्या कप्प्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. घमेलं नुसतं जाळीवर आपटलं.

आमचा कप्पा उठला. ज्यांनी चोथा कधी चाखलाही नाही असं कागदावर लिहिलं होतं, ते सगळे निळ्या कडीवाले एकमेकांच्या अंगावरून धावत दाराशी गोळा झाले आणि घमेल्याच्या तळाला लागलेली लाल भुकटी टिपायला माना लांब करू लागले. धक्काबुक्की झाली. निरीक्षकांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

मी एकटा जागचा हललो नाही. मागे उभा राहून एका डोळ्याने घमेलं आणि दुसऱ्या डोळ्याने निरीक्षकांना बघत होतो.

"हा का नाही आला?" त्यांनी विचारलं.

"तो फौजदार आहे," सासूबाई म्हणाल्या. "घमेलं रिकामं आहे हे त्याला तिथूनच कळलं."

निरीक्षक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. दोन संशयी जीवांची नजरानजर झाली. मग त्यांनी पेन काढलं. "खोटी माहिती हा शेरा मारत नाही. प्रयोग पुन्हा करा, नव्या पिलांवर. आणि या खेपेतला प्रत्येक कप्प्यातला एक पक्षी अर्जाचा निकाल लागेपर्यंत जिवंत ठेवा. वर कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं. उजवीकडचा हाच ठेवा."

डावीकडून त्यांनी जी सर्वांत जवळ उभी होती ती निवडली. लालकडी त्यांच्या बुटाची नाडी खात होती.

अशा रीतीने मी जिवंत नमुना झालो. बाकीचे टेम्पोतून गेले. शेड एकदम मोठी वाटायला लागली.

"सगळे कुठे गेले?" लालकडीने विचारलं.

"बदली झाली," मी म्हणालो. तिला ते पटलं. तिला सगळंच पटतं.

आम्हा दोघांना स्वयंपाकघराच्या दाराशी एक वेगळा खुराडा मिळाला. शेडमध्ये नवी पिलं आली, नवा बल्ब आला, पुन्हा दोन कप्पे झाले. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी शेडची किल्ली बाईंच्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. मला माझा भरवसा नाही." आणि त्यांनी आपली खुर्ची फिरवून जाळीकडे पाठ करून मांडली. पंगतीत दोन प्रकारचं वाढलेलं त्यांना अजूनही बघवत नाही. कावळे त्या आवाजावरून हाकलतात.

बाईही बदलल्या. आता संध्याकाळी त्या सासूबाईंशेजारी बसून सगळं सांगतात. साल काय करते, चोथा जास्त झाला तर पोट का बिघडतं, वाळवताना ओल राहिली तर काय होतं. सासूबाई मध्येच अडवतात, पुन्हा विचारतात. परवा मॅनेजर आले तर त्यांनाच सांगत होत्या, "तुमच्या उकिरड्यात काय आहे, ते तुम्हाला नाही कळायचं." पूर्वी या दोघी भांडायच्या, तेव्हा मला निदान कोण कुठे आहे ते कळायचं. आता त्या दिवसभर एकत्र असतात आणि हळू आवाजात बोलतात. लक्ष ठेवणं फार कठीण झालं आहे.

दुसऱ्या प्रयोगाचा निकाल आला. उजवीकडचं मांस आधी खराब झालं, डावीकडचं टिकलं. डॉक्टर उड्या मारत आले आणि "फरक आहे! फरक आहे!" असं म्हणाले. त्या दिवशी तत्त्वतः हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नाही. बाईंनी अर्ज पुन्हा नेऊन दिला.

तेव्हापासून उत्तराची वाट चालू आहे. बाई फोन करतात. आधी कळलं, साहेब रजेवर आहेत. मग कळलं, साहेब आले पण फाईल वर गेली आहे. मग फाईल खाली आली, पण साहेबांची बदली झाली. भिंतीपलीकडचा लाल ढीग लहान होत चाललाय, म्हणजे हंगाम संपत आलाय. मॅनेजर येतात आणि शेडची लांबी पावलांनी मोजतात. प्रत्येक वेळी ती त्यांना थोडी जास्त भरते.

आता माझी स्थिती. वय माझ्या जातीच्या कोंबड्याने जितकं होऊ द्यायला नको तितकं झालं आहे. वजनाने पाय दुखतात. तुरा मात्र झकास आला आहे. तो दाखवायची संधी माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणाला मिळालेली नाही. सासूबाई रोज एका ताटलीत निम्मं साधं आणि निम्मं चोथ्याचं खाद्य कालवून आणतात आणि आम्हा दोघांपुढे मधोमध ठेवतात. मी तपासून खातो. लालकडी तपासत नाही, म्हणून तिला जास्त मिळतं.

आज सकाळी बाई माझ्यासमोर उकिडव्या बसून ताटली घासत होत्या. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, अर्ज मंजूर झाला की फौजदाराचं काय करायचं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बघू."

हा शब्द मला चांगला माहीत आहे. माणसं ज्या कामाचा निर्णय आधीच घेऊन बसलेली असतात, त्या कामाला बघू म्हणतात. आणि ज्याचा निर्णय त्यांना कधीच घ्यायचा नसतो, त्यालाही बघूच म्हणतात. दोन्हींतला फरक ऐकून कळत नाही. चेहऱ्यावरून कळेल म्हणून मी बाईंच्या चेहऱ्याकडे आधी उजव्या डोळ्याने बघितलं, मग डाव्या डोळ्याने. त्यांनी ओला हात पुढे केला आणि माझ्या तुऱ्यावरचं खाद्य पुसलं. गोड काही बोलल्या नाहीत, आणि डोळ्यात काही टाकलंही नाही. माझ्या नोंदीत हे कुठे बसवायचं ते अजून ठरलेलं नाही.

सबब, माझंही एक निवेदन आहे. अर्ज नामंजूर झाला तर शेडमध्ये बाटल्या येतील, बाई दारात बसून राहतील आणि नमुन्याची गरज संपेल. मंजूर झाला तर शेड राहील, बाई राहतील आणि नमुन्याची गरज संपेल. हे सगळं नीट तपासून पाहिल्यावर, अर्ज मंजूर व्हावा अशी मी शिफारस करतो. बाई खोटं बोलत नाहीत. मी इतके दिवस शोधलं, सापडलं नाही. मात्र मंजुरीचा कागद वाटेत नेहमीच्या सगळ्या टेबलांवर थांबत थांबत यावा, कोणीही घाई करू नये, आणि हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी पोचावा, एवढीच नम्र विनंती.

आत्ता फोन वाजला होता. बाई हात पुसत धावल्या. परत आल्या, सासूबाईंनी भुवया उंचावल्या, आणि बाईंनी नुसती मान हलवली.

अर्ज विचाराधीन आहे.